सोनाकाकीचं वजन

पाय माझे लहानपणीच गेले, पण हातसायकलीच्या शर्यतीत मला मागं टाकणारा तालुक्यात कुणी नव्हता. हे आपलं मीच सांगतोय म्हणा. पोशीर ते कळंब मी रोज सराव करायचो आणि आमची सोनाकाकी वांग्यांची पाटी घेऊन हक्कानं मागं बसायची. त्या ओझ्यानंच माझे दंड घडले.

पुढं शर्यत नेमकी त्याच रस्त्यावर ठरली. काकी पाटी घेऊन हजर.

"काकी, आज नाय. आज शर्यत हाय."

"मंग मी काय तुजा हात धरते का रं?"

"तुज्या वजनानं हरंन मी."

काकी पाटी सावरत बाजूला झाली.

मी सुटलो तो सगळ्यांच्या पुढं. सायकल पिसासारखी हलकी. पण वळण घ्यायचं मला काकीच्या वजनासकटच ठाऊक. पहिल्याच वळणावर चाक उचललं आणि मी सायकलीसकट भाताच्या खाचरात. बाकीचे एकेक करून घंटी वाजवत पुढं गेले.

मागून काकी चालत आली. पाटी बांधावर ठेवली, मला आणि सायकलीला वर ओढलं आणि म्हणाली, "शर्यत झाली असंल तर बसू का रं आता?"