लिफ्टवाल्याचा पहिला जबाब

(न्यायाधीशांची खोली. सकाळ. कोर्ट बसायला अर्धा तास आहे. काका म्हणजे बाईंच्या वकिलीच्या दिवसांतले कारकून.)

बाई: ...आणि हे टाइप कोणी केलं?

काका: मीच. दोन बोटांनी. वकील कोणी मिळेना. आपला तो लिफ्ट दुरुस्त करणारा अशील, त्या लिफ्टवाल्याची बहीण तिघांकडे जाऊन आली. एकाने चहा पाजला, दुसऱ्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, तिसरा निदान स्पष्ट बोलला. म्हणाला, ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या बाई येत्या सोमवारी मुख्य न्यायाधीश म्हणून शपथ घेतायत, आणि मला ह्याच कोर्टात पोट भरायचंय.

बाई: म्हणून माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा तुम्ही केलात. माझ्याच सहीसाठी.

काका: वीस वर्षं तुमच्या फायली शिवल्यात, वकीलबाई. थोडं हाताला वळण लागलंय.

बाई: वकीलबाई म्हणू नका. बाहेर शिपाई उभा आहे.

काका: तुम्हाला न्यायाधीश होऊन बारा वर्षं झाली, पण माझ्या जिभेला पत्ताच नाही.

बाई: शिपायाने तुमची चिठ्ठी आणली तेव्हा वाटलं, नातवाच्या नोकरीसाठी शब्द टाका म्हणायला आला असाल. बरं वाटलं होतं हो, काका. कोणीतरी साधं काम घेऊन आलं म्हणून.

काका: नातू बसलाय घरी मोबाईल घेऊन. त्याचं काही अडत नाही. ही वही बघा.

बाई: ही अजून तुमच्याकडे?

काका: बाकीच्या रद्दीत घातल्या. ही घालवेना. खुणेचं पान काढलंय, वाचा.

बाई: चष्मा... हं. “संध्याकाळी सहा ते साडेआठ मी सहा मजली इमारतीत होतो. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत एक म्हातारी आणि तिचं मांजर. वर मशीनरूममध्ये जाऊन हाताने चाक फिरवलं, लिफ्ट खाली घेतली. तिथल्या रजिस्टरात नोंद करून सही केली.” मांजराचंही लिहून घेतलंत?

काका: त्याने सांगितलं ते लिहिलं. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला, खोटं बोलणाऱ्याला मांजर सुचायचं नाही.

बाई: आठवत नाही.

काका: आणि पानावर आडवी मारलेली ही लाल रेघ? आपल्या ऑफिसात लाल पेन एकटं तुमचं. मी म्हणालो होतो, त्या इमारतीत जाऊन येतो, दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही म्हणालात, नको, माझं शेवटचं वाक्य लिहून झालंय. तुमची सवयच ती. युक्तिवादाचं शेवटचं वाक्य आधी लिहायचं, आणि मग तिथवर पोचवतील तेवढेच कागद फाईलला लावायचे. मांजर काही तिथवर पोचत नव्हतं.

बाई: त्या शेवटच्या वाक्याने त्याची फाशी टळली. त्याच संध्याकाळी सुपरवायझरचा खून, डोक्यात ह्याचा पाना. आदल्या दिवशी अख्ख्या वर्कशॉपसमोर दोघांची हातापायी झालेली. दोन माणसं शपथेवर सांगतायत, हाच होता. आणि मी उभं राहून काय म्हणायचं होतं? मांजर?

काका: मी कुठे म्हणतो...

बाई: नाही, ऐका. आदल्या वर्षीचा आपला शिंपी आठवतो? तोही म्हणत होता, मी तिथे नव्हतो. मीही कोर्टात तेच म्हणत राहिले, शेवटपर्यंत. फाशीची शिक्षा झाली त्याला. बायकोला सांगायला आपण दोघं गेलो होतो. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने ऐकून घेतलं, आणि बादलीत उरलेले कपडे वाळत घातले. एकेक झटकून. जिना उतरताना मी ठरवलं, ह्यापुढे माझा माणूस जिवंत राहिला पाहिजे. खरंखोटं त्यानंतर. म्हणून लिफ्टवाल्याला सांगितलं, तू तिथे होतास, ढकलाढकली झाली, भीतीपोटी एकदा हात उचललास. न्यायाधीशांनी ऐकलं, जन्मठेपेवर आणलं. तो युक्तिवाद अजून कॉलेजात शिकवतात, काका.

काका: माहितीये. त्यावरूनच तुमचं नाव झालं आणि त्यावरूनच ही खुर्ची आली. मी कोर्टातल्या सगळ्यांना सांगत फिरलोय, आमच्या बाईंनी दोरीतून माणूस ओढून काढला. तुम्हाला दोष द्यायला नाही आलो. त्याच्याकडून घोकून तर मीच घेतलं. मी खोटा सरकारी वकील व्हायचो, त्याला उलटे प्रश्न विचारायचो. तो मध्येच म्हणायचा, पण काका, मी नव्हतो हो तिथे. की तुम्ही म्हणायचात, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं सतरा वेळा झालं.

बाई: आता एकोणीस वर्षांनी ह्या कागदाने काय होणार? ती इमारत?

काका: पाडली. रजिस्टरही गेलं ढिगाऱ्यात. म्हातारी तर केव्हाच वारली.

बाई: म्हणजे पुरावा शून्य. राहिला माझा शब्द. मी लिहून द्यायचं की अशिलाने खरं सांगितलं होतं, ते मी कापलं आणि त्याला खोटं शिकवलं. सोमवारची शपथ गेली, हीही खुर्ची गेली. आणि एवढं करून वरचं कोर्ट म्हणेल, पुरेसं नाही. तो सुटेलच असं नाही, काका.

काका: बहिणीला सांगितलंय मी हे.

बाई: मग?

काका: केस पुन्हा उघडायचा अर्ज तिने तयार केलाय. तो सहीच करत नाही.

बाई: का?

काका: कसं सांगू... गेल्या महिन्यात ती भेटायला गेली. तो म्हणाला, ताई, कशाला वणवण करतेस, मारलंय ग मी त्याला. तिला वाटलं, वैतागून बोलतोय. तिने लिफ्टची आठवण करून दिली, म्हातारीची दिली, मांजराची दिली. तो म्हणाला, कसलं मांजर? मग मी गेलो परवा. मलाही सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सुपरवायझर कसा अंगावर आला, पाना कसा हाताला लागला. कुठेही अडखळला नाही. आणि डोळ्यांत पाणी, वकीलबाई. त्या माणसाचं घर उजाडलं म्हणून रडतो तो. रोज रात्री दिसतं म्हणाला.

बाई: काका...

काका: बहीण म्हणते, सुटला नाही तरी मी सोसेन. पण कोणीतरी त्याला सांगा की तू तिथे नव्हतास. माझं ऐकत नाही, तुमच्या बाईंचं ऐकेल. त्यांचंच ऐकत आलाय.

बाई: पाणी आहे का त्या तांब्यात?

काका: घ्या. सावकाश.

बाई: कुठल्या हाताने मारलं म्हणतो?

काका: काय?

बाई: पाना. कुठल्या हाताने?

काका: उजव्या. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

बाई: तो डावखुरा आहे.

काका: कोण म्हणतं?

बाई: पहिल्या दिवशी वकीलपत्रावर सही केली तेव्हा पाहिलं मी. घाव डाव्या कानावर, समोरून. उजव्या हाताचा. सरकारी वकिलाने त्याचा हात कधी पाहिलाच नाही, तुम्हीही वहीत डोकं घालून बसला होतात. मी पाहिलं आणि म्हटलं, एवढ्यावर फाशी टळायची नाही. आणि त्याला उजवा हात शिकवला.

काका: म्हणजे तुम्हाला तेव्हाच...

बाई: हो.

काका: हे माझ्या कागदात नाही.

बाई: तुम्हाला ठाऊक नव्हतं, कसं असेल? कोरे कागद आहेत त्या कपाटात, द्या. आणि जाताना शिपायाला सांगा, आज माझं कोर्ट बसणार नाही.

काका: कारण विचारलं तर?

बाई: म्हणावं, बाई लिहितायत.