सात विहिरींचं पाणी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक विचारतो — मायेपोटी दुःख लपवलं, तर ते पुण्य की पाप? लगेच माना डोलवू नका! आमचे पखवाजवाले तर गोष्ट ऐकायच्या आधीच ‘पुण्य’ म्हणून मोकळे!

ऐका. भिकाजी खरात जत्रेतल्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचा. त्याच्याकडे एक चित्रपट होता, लोक बायकापोरं घेऊन बघायला यायचे. शापाने राणीची हरिणी होते. तिचा लेक, राजपुत्र, शाप सोडवायला सात विहिरींचं पाणी आणायला निघतो. सहा झाल्या! सातवीवर बेडूक बोलतो — हसताय काय? सिनेमातला बेडूक, बोलणारच! — “बाळा, पाण्यानं शाप सुटत नाही. आई वाट बघतेय. मागे फिर.” पोर कळशी टाकून धावतं, आईचं डोकं मांडीवर घेतं. ती दोन शब्द बोलते... आणि जाते.

भिकाजीची लेक रंजना, आठ वर्षांची. हे बघून दोन दिवस जेवली नाही! आता रीळ तुटलं की कापून जोडायचं, हे तर भिकाजीचं रोजचं काम. घेतली कात्री! बेडूक काढला, मरण काढलं, आणि तिथे पहिल्या रिळातली झोपाळ्यावर हसणारी राणी चिकटवली. कळशी भरली, की आई हसली! तंबूत टाळ्या! लेकीला म्हणाला, “मागच्या वेळी रीळच चुकलं होतं गं.”

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बायको हौसा अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली. पोरीने विचारलं, “बाबा, आई बरी होईल ना?”

तेव्हा बोलायचं होतं, मंडळी! पण कात्रीची सवय आता जिभेला लागलेली. “होईल की!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंजना कळशी घेऊन गेली. दुपारी हौसा म्हणाली, “रंजी कुठंय हो? जरा जवळ बसवा तिला.” भिकाजीने दारात जाऊन हाका मारल्या. शेजारीण म्हणाली, “भाऊजी, ती या विहिरीवरनं त्या विहिरीवर हिंडतीया. आता ओढ्यापलीकडं गेली.”

भिकाजीला सगळं उमगलं. तो अनवाणी पळाला. कोरड्या ओढ्यातून पोरगी येत होती, एकेक पाऊल जपून टाकत. “बाबा, हात लावू नका, सांडंल! सातही झाल्या!”

ते पोचले तेव्हा घरात बायका रडत होत्या. रंजनाने आईच्या ओठांवर ओंजळ धरली. पाणी गालावरून उशीत गेलं. ती वाट बघत राहिली. “बाबा... आई हसत का नाही?”



पुढे रंजनाला लेकरं झाली. एका रविवारी टीव्हीवर तोच चित्रपट लागला — अख्खा! बेडूक बोलला. रंजनाने बापाकडे बघितलं. “हे होतं त्यात?”

म्हाताऱ्याने ट्रंकेतून एक पत्र्याची डबी आणली. कापलेला तुकडा! इतकी वर्षं त्याला तो टाकून देववला नव्हता. रंजनाने तो खिडकीच्या उजेडात धरला. चिमुकल्या चौकटी, प्रत्येकीत आईचं डोकं मांडीवर घेतलेलं पोर.

“हे ठेवलं असतं, बाबा,” ती म्हणाली, “तर मी घरी बसले असते.”

पखवाजवाले, आता बोला! ...नको, राहू द्या.

मंडळी, तुमच्याही घरी कुणी माउली शेवटच्या अंथरुणावर असेल. पोराला ‘खेळायला जा’ म्हणून बाहेर धाडलं असेल. उठा! देवाचं नाव घ्यायला मी आहे इथं, तो रागवायचा नाही. आधी घरी जा. ते पोर तिच्या उशाशी बसवा. रडेल — रडू द्या. पण तिचा हात त्याच्या हातात द्या.