छप्पर कोसळले त्या दिवसाची कॅसेट

मी, वय ६४ वर्षे, धंदा शिवणकाम, शिक्षण दुसरी, पुढे आपले आपण वाचायला शिकले, राहणार टीव्ही केंद्रामागची वसाहत, दुसरा मजला. गल्लीत मला ‘टीव्हीवाल्या वहिनी’ म्हणतात. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे पती टीव्ही केंद्रात फुटबॉलचे समालोचक होते. अंतिम सामन्यात प्रेक्षकांवरचे छप्पर कोसळले, तेव्हा त्यांनी समालोचन सोडून मैदानातल्या कर्ण्यांवरून लोकांना वाट दाखवली. “डावीकडचा जिना मोकळा आहे. धावू नका. पोरांना उचलून घ्या.” हे बोलणे आजही लोकांना पाठ आहे. केंद्राने मात्र त्या सामन्याची टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेतला. टेपा महाग होत्या, तेव्हा तशीच पद्धत होती.

त्या दिवशी मी घरी सामना टेप केला होता. कोरी कॅसेट नव्हती. घरात एकच होती, आमच्या लग्नाची. निघताना पती म्हणाले होते, “तीच लाव. लग्न आपल्याला पाठ आहे, फायनल पुन्हा होणार नाही.” त्यामुळे लग्न पुसले गेले. शेवटी थोडे उरले.

गेल्या महिन्यात केंद्राचे निर्माते घरी आले. “वहिनी, त्या दिवसावर कार्यक्रम करतोय. दोन दिवसांत आणून देतो,” म्हणाले. चहा घेतला, कॅसेट नेली. परत दिली ती कॅसेट नव्हे, तिची नक्कल केलेली सीडीची चकती. सामन्याचे चित्रण संपले की ती संपते. मूळ कॅसेट मागितली तर म्हणाले, “प्रक्षेपण आमचं, म्हणजे टेपही आमची. हा सगळ्यांचा ठेवा आहे.” मी म्हटले, “ठेवा होता तर पुसलात कशाला? चोराच्या उलट्या बोंबा!”

आज ठाण्याच्या साहेबांनी निर्मात्यांना कॅसेटसह बोलावले. “यात फुटबॉलशिवाय काही नाही,” असे ते म्हणाले. मी म्हटले, “पुढे काय आहे ते मी आधी सांगते, लिहून घ्या. मग लावा.” सांगितले ते असे: पडद्यावर मुंग्या येतील. मग वरातीला निघायच्या वेळी नवरदेव, म्हणजे माझे पती, खुर्चीवर, एक बूट पायात, एक हातात. व्हिडिओवाल्याला ते म्हणतील, “अहो, नवरी आली का ते बघा आधी! माझं काय काढताय?”

कॅसेट लावली. सगळे हवालदार दाराशी जमले. जिन्याचे बोलणे आले तेव्हा दोघे-तिघे हवालदार ते सोबत पुटपुटले. मग मुंग्या आल्या. निर्माते उठले, “बघा, संपलं.” मी म्हटले, “बसा.” मग बूट आला, आणि ठाण्यात हशा पिकला. मी निर्मात्यांकडे बघत होते, पडद्याकडे नाही. ते म्हणाले, “वहिनी, आम्ही इथपर्यंत कधी बघितलंच नाही.”

“ठाऊक आहे,” मी म्हणाले.

पती वारल्यापासून मी ही कॅसेट लावलेली नाही. कपाटात आहे, एवढे पुरत होते. सामन्याच्या हव्या तितक्या प्रती केंद्राने कराव्यात, माझी ना नाही. पण ज्यांनी एकदा पुसले, त्यांच्या कपाटात ती राहू नये. मूळ कॅसेट मला परत मिळावी.

जबाब मला वाचून दाखवला, मग चष्मा लावून मी स्वतः वाचला. वस्तूच्या वर्णनात ‘फुटबॉल सामन्याची जुनी कॅसेट’ असे लिहिले होते. ते खोडून ‘लग्नाची कॅसेट’ असे करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, आणि खरे आहे.