डुगडुगणारं टेबल

हात फिरवून बघा ना काका, बिचकताय काय — जाहिरातीत लिहिलंय तेच आहे इथे. 'उत्तम स्थितीत' असं ठोकून देणारे लोक माझ्या डोक्यात जातात. फोटो काढायचा चांगल्या बाजूचा, आणि माणूस धापा टाकत जिने चढून आला की म्हणायचं, एवढं तर चालायचंच. मी सरळ लिहिलं — ड्रॉइंगचं टेबल, डावा पाय डुगडुगतो, फळीवर कटरचे वार, उजवीकडे शाई सांडलेली. विकायचं कारण, कॉलेज सोडलं. हो, मीच सोडलं, दुसऱ्या वर्षाला. इमारतींचे नकाशे काढायचे होते, नाही जमलं, संपला विषय. तुमच्या मुलीला जमेल, माझ्यावरून धसका घेऊ नका.

काय? ही अर्धवट शीट? — ती माझी नाही. बाबांची. म्हणजे — आता विचारलंतच तर ऐका. बाबांनी सगळ्या खानदानाला सांगून ठेवलंय, पोरगा शेवटच्या वर्षाला आहे. आत्या आली की तिला आधी या खोलीत आणणार, टेबल दाखवणार. आणि दर वेळी तोच कागद कसा दाखवायचा? म्हणून स्वतःच पट्टी घेऊन रेघा वाढवत बसतात — रिटायर झालेला माणूस, वेळच वेळ! परवा हा जिना काढला. बघा, कुठे जातो? थेट भिंतीत! आणि आत्या म्हणते, वा, काय हात आहे पोराचा! मी शेजारी उभा, ठोंब्यासारखा. वर मलाच ऐकवतात, मोठ्यांचा मान ठेव — कशाचा ठेवू? टेबलाचा पाय डुगडुगतो हे मी अनोळखी माणसाला सांगतो, आणि यांना सख्ख्या बहिणीला पोराचं खरं सांगवत नाही.

म्हणून आज टेबल गेलंच पाहिजे. संध्याकाळी आत्या येतेय. रिकामी जागा बघेल, विचारेल, मग काय ते बाबाच सांगतील — मला तोंड उघडायला नको. दमलोय हो मी. हवं तर फुकट न्या, पण आत्ता न्या, बाबा भाजीला गेलेत तोवर. तुम्ही त्या बाजूनं धरा, मी — थांबा. कडी वाजली. इतक्यात कसे आले? ठेवा, खाली ठेवा. नाही, बरं झालं, आज तोंडावर सांगतो, तुमच्यादेखत सांगतो, बघाच तुम्ही —

बाबा, या ना. हे — हे आमचे कॉलेजचे सर. शीट बघायला आलेत.

बसा ना, सर.