भिंतीवरून ओतलेली टोपली

— नाही हो ताई, कण्हेर नाही द्यायची तुम्हाला. असू दे फुललेली! खुराड्याशेजारी लावणार म्हणालात ना मघाशी? मग संपलं. पान, फूल, काडी, सगळं विष. वाळलं तरी विषच. जास्वंद न्या, सावलीही होईल आणि कोंबड्यांनी टोचली तरी बिघडत नाही. एरवी झाडावरची कण्हेर सहसा खात नाहीत त्या, कडू लागते. पण कापून, कोवळ्या पाल्यात मिसळून पुढ्यात टाकली तर... खातात. मला कसं ठाऊक? अहो, वीस वर्षं नर्सरी चालवतोय, ठाऊक असणारच! — काय? चेहऱ्याला काय झालंय माझ्या?

बरं, ऐका. ह्या भिंतीपलीकडे काकू राहतात — सख्ख्या नव्हेत, शेजारच्या, पण माझी बायको अंथरुणावर होती तेव्हा दोन महिने डबा त्यांनीच दिला. त्यांच्या सहा कोंबड्या होत्या. दिवसभराच्या छाटणीचा पाला मी संध्याकाळी भिंतीवरून खुराड्यापुढे ओतायचो. टोपली दिसली की धावत यायच्या सगळ्या! काकू म्हणायच्या, मेल्या माझ्यासाठी एवढ्या धावत नाहीत. त्या दिवशी कण्हेर छाटली होती. ती वेगळी ठेवायची असते — ठेवतो मी, नेहमी ठेवतो! — पण त्या दिवशी त्याच टोपलीत पडली. चुकून. हो, चुकून... नाही. ओतताना दिसली होती मला. एवढं लांब पान, लपतंय होय? म्हटलं, कोण निवडत बसणार, टाकतील त्याच बाजूला. कंटाळा केला हो मी. नुसता कंटाळा.

सकाळी पाच मेलेल्या. सहावी दुपारी गेली, काकूंच्या मांडीवर. खड्डा मीच खणला. त्याआधी, काकू पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात, उरलेला पाला गोळा करून आणला. चोर कुठला! आणि त्या रडत काय म्हणाल्या? रात्रीचं शिळं घातलं मी, माझ्याच हातून मेल्या. मी काय म्हणालो? होतं असं काकू, मनाला लावून घेऊ नका. वर त्यांनी माझेच आभार मानले. लाज वाटते हो सांगायला.

मग रिकामं खुराडंही मलाच देऊन टाकलं. तुम्ही हात टेकलाय ना, कुंड्या मांडल्यात ते — तेच. अहो, हात कशाला काढलात... दोन वर्षं झाली. परवा त्यांची नात पिल्लांसाठी हट्ट धरून बसली, तर म्हणाल्या, नको गं, माझ्या हाताला ते पाप परत नको. मी एक वाक्य बोललो तर सुटतील बिचाऱ्या. कळतं मला! रोज चारला येतात, ह्याच स्टुलावर बसतात, रोज ठरवतो, आणि तोंडच उघडत नाही.

थांबा, जास्वंद बांधून देतो... फाटक वाजलं. त्याच. — आत्ता? तुमच्यासमोर? हो... बरं. सांगतो. आज सांगूनच टाकतो.

या काकू, बसा. — मी? छे, कुठे काय, ह्या ताईंनी कोंबड्या पाळल्यात. त्यांना सांगत होतो... हेच, की... शिळंपाकं घालू नका म्हणून.

ताई, निघा तुम्ही आता. झाड न्या तसंच. निघा म्हणतो ना.