भुऱ्याची ओळख

पोंभुर्ण्याच्या बसथांब्यावर माझ्या बाजूला एक म्हातारी आणि तिच्या गावची नर्स बसल्या होत्या.

"नर्सबाई, नातू दूध कमी ओढते. उद्या घरी येऊन पाहा ना."

"यायले काय झालं? पण तुमचा भुऱ्या फाटकातच अंगावर येते. मागच्या वेळी चप्पल सोडून पळाली मी. त्याले बांधून ठेवा."

"बांधला त बिबट्या उचलून नेते, बाई. शेतातलं घर आहे. कुत्रा मोकळा आहे म्हणून बाळंतीण निवांत झोपते."

"मंग बाळाले दवाखान्यात आणा."

"एवढासा जीव गाडीवर आणू? त्यापरीस तुमची ओढणी द्या."

"माझी ओढणी? काऊन?"

"रातभर भुऱ्याच्या अंगाखाली टाकतो. वास ओळखीचा झाला का तो माणसाले आपलं समजते. सून आली तवा असंच केलं. आधी तिचं पातळ मागवलं, मंग वरात आणली."

"सोयऱ्यायनं देलं?"

"हासले लय. पण देलं."

"अन् तरी चावला त?"

"सुई तुमच्यापाशीच राह्यते ना!"

नर्स हसली. मग तिने तोंडाभोवती गुंडाळलेली ओढणी सोडली.

"घ्या. नवीन आहे, फाडू देऊ नका."

"अन् तुम्ही उन्हात उघड्या डोक्यानं जासान काय? हा माझा दुपट्टा घ्या. धुतला नाई मात्र, गोठ्याचा वास येते त्याले."

"येऊ द्या. उद्या हाच गुंडाळून येतो."