एकविसाव्या पानावरचं फूल

समारंभाचे अध्यक्ष, नगरसेवक ह्यूबर्ट सग्डेनसाहेब, गुडघा कसा आहे? मघाशी कठडा न धरता पायऱ्या चढलात, पाहून बरं वाटलं. मंचावरचे पाद्रीसाहेब, खोकला गेला का? मिसेस क्लेग, एवढ्या माणसांची सँडविचेस एकटीने केलीत, कंबर धड आहे ना? आणि आज वाचनालयातून निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती मिस ऑर्मरॉइड, तुमचे डोळे? आत्तापासून रुमाल काढू नका, त्याला वेळ आहे. जमलेल्या क्रॅगडेलकर बंधुभगिनींनो, तुम्हीही खुशाल असालच.

मी विल्फ बॅराक्लफ. चाळीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केले. शाळा बाराव्या वर्षी सुटली. पुढचं शिक्षण या वाचनालयात, मिस ऑर्मरॉइड यांच्या टेबलासमोर टोपी हातात धरून झालं. आणि खरं सांगू? त्यातलं निम्मं सिड ब्रॅडॉकने केलं.

कार्डिफच्या गोदीवरचा हा कादंबऱ्यांतला खासगी गुप्तहेर. हॅट भिजलेली, खिसा फाटका, जीभ कडू. पण गरीब बाई दारात आली तर तिला परत पाठवणार नाही. एका कादंबरीत त्याच्या डोक्यात अकरा वेळा सोटा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या बेकन-अंडी खायला हजर! मला एकदाच मागाचा धोटा उडून लागला होता, तर मी तीन आठवडे अंथरुणात. माझी बायको गर्टी अजून म्हणते, "तुझ्यापेक्षा सिडशी लग्न केलं असतं तर बरं!"

आता एक गुन्हा कबूल करतो. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून आम्ही सगळे एकविसाव्या पानावर पेन्सिलीने खूण करायचो. माझा धोटा, गर्टीची किटली. हसू नका, तुमच्याही खुणा मला ठाऊक आहेत! त्या खोडायचं काम मिस ऑर्मरॉइड यांचं. टेबलावर खोडरबर होतं. एकतीस वर्षांत ते झिजलेलं मी पाहिलं नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. अध्यक्षमहाराज, तुमची परवानगी घेतलीच आहे. मी समितीवर वाचकांतर्फे बसायचो. एका बैठकीला सग्डेनसाहेब सिडची 'मेलेल्याचा ओव्हरकोट' ही कादंबरी हातात घेऊन आले. "ही मारामारीची, उघड्या खांद्यांच्या बायांची पुस्तकं उद्या सगळी रद्दीत!"

मिस ऑर्मरॉइड शांतपणे म्हणाल्या, "मग माझा राजीनामाही त्याच गठ्ठ्यात बांधा."

सिडशिवाय कसेबसे जगलो असतो. पण बाईंशिवाय हे वाचनालय म्हणजे काय, नुसती कपाटं!

"आणि वर ही खरडाखरड बघा!" म्हणत साहेबांनी एकविसावं पान उघडलं. आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

त्या पानावर, माझ्या धोट्याशेजारी, तीन पाकळ्यांचं इवलंसं फूल होतं. धुण्यात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून साहेबांची आई, मार्थाबाई, लेकाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याने तेच फूल काढायच्या. त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

"आई तर फक्त प्रार्थनेची पुस्तकं न्यायची," साहेब हळूच म्हणाले.

"न्यायच्या ना," बाई म्हणाल्या. "ती पिशवीत वर, आणि सिड खाली. म्हणायच्या, आमच्या ह्यूबर्टला सांगू नका हो, तो बिचारा घाबरेल."

साहेबांनी आधी डोळे पुसले, मग असे हसले, असे हसले, की पाद्रीसाहेबांच्या कपातला चहा सांडला. "पुस्तक मी घरी नेतो," म्हणाले. "वाचल्याशिवाय ठराव कसा मांडू?" पुढच्या सोमवारी परत केलं, आणि विचारलं, "याच्या पुढचं आहे का?" ठराव आजतागायत आलेला नाही. फुलाखाली मात्र एक नवी छत्री आलेली आहे.

मिस ऑर्मरॉइड, ती झिजलेली प्रत समितीने तुम्हालाच द्यायचं ठरवलं आहे. एकविसाव्या पानावर गावातली अर्धीअधिक माणसं आहेत. तुमची खूण तेवढी नाही. सोबत ही पेन्सिल.

मंडळी, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. गिरणीतल्या माणसाची जीभ, कुठे टाका चुकला असेल तर पदरात घ्या.

आणि बाई, स्कारबरोला बहिणीकडे पोचलात की लगेच पत्र टाका. खाली नाव नसलं तरी चालेल, तुमची खूण काढा. आम्ही ओळखू. पण लवकर लिहा.